तुमचा शॅमेलिऑन किती वर्षं जगला, हे आधी विचारा

प्रश्न असा आहे. अमेरिकेत फीनिक्सला राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने मुलीच्या वाढदिवसाला चार महिन्यांचा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, घरी आणला. त्यानंतर तीन आठवडे दोघंही रात्री जागून व्हिडिओ बघताहेत आणि गोंधळ वाढतच चालला आहे. एक जण सांगतो काचेचा पिंजरा नको म्हणजे नको, दुसरा सांगतो जाळीच्या पिंजऱ्यात तो सुकून मरेल. कुणी म्हणतं रात्रभर धुकं सोडा, कुणी म्हणतं धुक्याने न्यूमोनिया होतो. कॅल्शियमची पावडर रोज डी३ जीवनसत्त्व असलेली द्या, अजिबात देऊ नका. मनी प्लांट ठेवा, मनी प्लांट विषारी आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, "सगळेच ठामपणे बोलतात आणि सगळ्यांचे प्राणी छान दिसतात. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

मी पशुवैद्य आहे. परळला शिकले आणि गेली १८ वर्षं उत्तर कॅरोलायनात मुख्यतः सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करते. त्यातली १४ वर्षं माझ्या घरातही शॅमेलिऑन आहेत. तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण सगळी अडचण तिथेच आहे. सगळ्यांचे प्राणी छान दिसतात, हे खरं आहे. आणि म्हणूनच त्याचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

शॅमेलिऑन उशिरा बोलतो. कुत्र्याला चुकीचं काही खायला घातलं तर दुसऱ्या दिवशी घरभर कळतं. शॅमेलिऑनचं तसं नाही. तो पक्ष्यांची आणि सापांची शिकार होणारा प्राणी आहे, फांदीवर आजारी दिसला की संपला. त्यामुळे अंगात काय चाललंय ते शेवटपर्यंत लपवणं त्याच्या रक्तातच आहे. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग, कमी पडला तर वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ व्हायला काही महिने जातात. पाणी कमी पडत राहिलं तर मूत्रपिंडं हळूहळू झिजतात, आणि सांध्यांत युरिक ॲसिड साठून गाऊट दिसतो तो वर्षा-दोन वर्षांनी. मादीला भरपूर ऊब आणि भरपूर खाणं दिलं तर ती सुरुवातीला टवटवीत दिसते, आणि त्याची किंमत अंडी घालायच्या वेळी मोजते. म्हणजे सहा महिने प्राणी पाळून जो माणूस सल्ला देतो आहे, तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापर्यंत निकालच अजून पोचलेला नसतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचा आधीचा प्राणी किती वर्षं जगला, आणि कशाने गेला? व्हेल्ड नर नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो, मादी बहुधा त्याहून कमी. कुणी "तीन वर्षांचा होता, म्हातारा होऊन गेला" असं म्हटलं, तर तो म्हातारा नव्हता. आणि ज्याला हा प्रश्न विचारल्यावर राग येतो, त्याला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे जा.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. कॉलेजातला एक मुलगा सात महिन्यांचा व्हेल्ड घेऊन आला. तक्रार एवढीच, की फांदीवरून दोनदा पडला. मी त्याला बोटावर घेतलं. शॅमेलिऑनच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, चिमट्यासारखी. निरोगी प्राणी बोट धरतो तेव्हा नखं टोचतात, सोडवून घ्यावं लागतं. याची पकड म्हणजे भिजलेला कागद. खालचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला तर तो रबरासारखा लवला. एक्स-रेमध्ये हाडं स्नायूंपासून वेगळी ओळखूच येईनात, दोघांची सावली सारखीच फिकट. मुलगा बिचारा खरंच मन लावून करत होता. त्याने मला तो व्हिडिओ दाखवला ज्यावरून सगळी मांडणी केली होती: पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक छोटा गुंडाळीचा यूव्हीबी बल्ब, रोज चिमूटभर पावडर, "बस, एवढंच पुरतं." मी व्हिडिओ थांबवला आणि मोठा करून पाहिला. ज्याच्याकडून हा मुलगा शिकला होता, त्याच्याच प्राण्याचा पुढचा पाय कोपराच्या खाली धनुष्यासारखा वाकलेला होता. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता. वाकलेला पाय कुणाच्या नजरेला आला नव्हता, त्या माणसाच्याही नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा. माणूस काय बोलतो ते नंतर. आधी त्याचा प्राणी बघा. फांदीवर चालताना पोट फांदीपासून उचललेलं आहे की घासतंय? पुढच्या पायाचं हाड सरळ आहे का? डोळ्याचा बुरूज गोल आणि भरलेला आहे की आत गेलाय? दिवसाउजेडी डोळे मिटलेले आहेत का? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. हातावर घेऊन कुरवाळताना तो डोळे मिटतो आणि खाली लिहिलेलं असतं, "याला लाड फार आवडतात." त्याला लाड आवडत नाहीयेत. पळता येत नाही म्हणून तो जगच बंद करून घेतोय. तोंड उघडून फुत्कारणारा, गळा फुगवणारा, काळपट पडलेला प्राणी दाखवून हसणारी चॅनेलं तर सोडूनच द्या. तिथे पाण्याबद्दल आणि प्रकाशाबद्दल जे सांगितलं जातं तेही त्याच डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

जमलं तर विष्ठा दाखवली आहे का तेही पाहा. तुम्हाला किळस वाटेल, पण अनुभवी माणसं ती मुद्दाम दाखवतात. तिच्यातला युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढराशुभ्र असेल तर पाणी पुरेसं मिळतंय, बराचसा गडद पिवळा-नारिंगी असेल तर कमी पडतंय. माझ्या मते हा कुठल्याही आर्द्रतामापकापेक्षा प्रामाणिक आकडा आहे.

आणखी एक झटपट चाळणी. जो कुणी सांगेल की शॅमेलिऑन पाठीमागच्या वस्तूसारखा रंग घेतो, त्याच्याकडून पुढचं काही शिकू नका. रंगीत चष्म्यांवर ठेवला की चष्म्याच्या रंगाचा होतो, असे व्हिडिओ बनवलेले असतात. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने पँथर नावाच्या जातीच्या शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो, हे दाखवलं. हे अंतर बदलतं ते मुख्यतः समोर दुसरा नर आला, मादी आली, भीती वाटली, थंडी वाजली म्हणून. म्हणजे रंग ही त्याची भाषा आहे. ज्याला ती भाषा आहे हेच ठाऊक नाही, त्याला आपला प्राणी काय सांगतोय ते कसं कळणार?

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे तुमचा निम्मा गोंधळ झाला आहे. शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. मादागास्करमधला लाबोर्डचा शॅमेलिऑन अंड्यातून बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांत वाढतो, प्रजनन करतो आणि मरतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अंड्यातच जातो. २०२१ मध्ये नोंदवलेल्या ब्रुकेशिया नानाच्या नराचं धड साडेतेरा मिलिमीटर आहे. जॅक्सनचा शॅमेलिऑन केनिया-टांझानियाच्या थंड डोंगरात राहतो आणि अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. तुमचा व्हेल्ड येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा. या सगळ्यांना मिळून "शॅमेलिऑनची काळजी" असा एकच लेख कुणी लिहीत असेल, तर तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. जॅक्सनच्या जातीला व्हेल्डइतकी पावडर दिली तर गळ्याखाली सूज येते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आणि हल्ली जी यंत्राने रचलेली उत्तरं मिळतात त्यांत हाच दोष सर्वांत जास्त असतो: पँथरचं तापमान, व्हेल्डचं खाणं आणि जॅक्सनची रात्र एका परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात. वाचायला सगळं शहाणपणाचं वाटतं.

जात बरोबर असली तरी "येमेन म्हणजे वाळवंट, म्हणून याला कोरडं चालतं" असं तर्काने सांगणारे भेटतातच. व्हेल्ड येमेनच्या वाळवंटात राहत नाही. तो पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर, इब्ब-ताइझच्या हिरव्या पट्ट्यात राहतो, जिथे उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि रात्री थंड असतात. आपल्याकडे महाराष्ट्र म्हटलं की कुणी महाबळेश्वर डोळ्यांपुढे आणतं, कुणी जत. देशाच्या नावावरून हवामान ठरवणारा सल्ला तेवढ्याच लायकीचा असतो.

आणि मग सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं घर. हे कुणी विचारतच नाही. जाळी की काच हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्यात बहुतेक जण आपापल्या घरापुरते बरोबर आहेत. फ्लोरिडातल्या दमट हवेत जाळीचा पिंजरा उत्तम, हवा खेळती राहते, ओल आपोआप टिकते. तोच पिंजरा फीनिक्सच्या एसीतल्या घरात आणला की तुम्ही फवारलेलं पाणी वीस मिनिटांत उडून जातं. जर्मनी किंवा चेक देशातले जुने जाणते पाळणारे काचेचे पिंजरे सर्रास वापरतात, पण त्यांत खाली आणि वर हवेची झरोक्यासारखी वाट ठेवलेली असते, गरम हवा वर जाते आणि खालून ताजी येते. "काच नको" हा नियम निघाला तो बंद, कोंदट मत्स्यपेट्यांत ठेवलेल्या प्राण्यांवरून. तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: जाळीचा पिंजरा आहे तर राहू द्या, पण तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे लावा, समोरची आणि वरची जाळी मोकळी ठेवा.

धुक्याचंही तसंच. जंगलात पहाटे धुकं असतं, प्राणी ते श्वासातून घेतो आणि पानावरचं दव पितो. म्हणून रात्री धुकं सोडायची पद्धत अलीकडे रुजली आणि ती चांगली आहे. पण जंगलातली ती रात्र थंड असते. खोलीचं तापमान रात्री २० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा खाली जात असेल तरच हे करावं. उन्हाळ्यात तुमच्या घरी रात्री २५-२६ अंश असणार. गरम, ओली आणि साचलेली हवा म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाला निमंत्रण. तुम्ही सध्या धुकं बंद ठेवा. पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारणी करा आणि दुपारी पानांवर थेंब थेंब पाणी पडेल असं भांडं लावा. डिसेंबरात तुमच्याकडे रात्री गार होतात, तेव्हा धुक्याचा विचार करू. म्हणजे ज्या दोन व्हिडिओंनी तुम्हाला उलटसुलट सांगितलं, ते दोन्ही खरे असू शकतात. एकाने आपली थंड रात्र सांगितली नाही, दुसऱ्याने आपली गरम रात्र.

सल्ला किती जुना आहे तेही बघायला हवं, आणि त्याबद्दल मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. मी नवीन होते तेव्हा व्हेल्डसाठी छापील माहितीपत्रकात शेकण्याच्या, म्हणजे दिव्याखाली ऊब घेण्याच्या, फांदीचं तापमान ३५ अंश, म्हणजे ९५ फॅरनहाइट लिहिलेलं असे आणि खाणं "जेवढं खाईल तेवढं". मी तेच पत्रक लोकांच्या हातात देत होते. त्या दिवसांत एक मादी आली, वर्षाचीही नव्हती, नर कधी पाहिलेला नव्हता. व्हेल्ड मादीला अंडी घालायला नर लागत नाही, कोंबडीसारखंच आहे ते. पोट गच्च भरलेलं, डोळे आत, पाय थरथरत होते. शस्त्रक्रिया केली, साठाहून जास्त अंडी निघाली. ती वाचली नाही. तिच्या मालकिणीने माझ्याच पत्रकाची घडी पर्समधून काढून मला विचारलं, "यात लिहिल्याप्रमाणेच केलं होतं ना मी?" केलं होतं. अनुभवी पाळणाऱ्यांनी नंतर दाखवून दिलं, की मादीची शेकण्याची जागा २७ अंशांच्या आसपास ठेवली आणि मोठी झाल्यावर तिला एक दिवसाआड तीन-चार किडेच दिले, तर अंडी खूप कमी होतात आणि मादी जास्त जगते. मी ते पत्रक बदललं. पण जुनं पत्रक अजून नेटवर फिरतं आहे, शब्द न शब्द तसंच, नव्या तारखेने आणि नव्या नावाने.

म्हणून मला असा माणूस जास्त विश्वासाचा वाटतो जो म्हणतो, "मी आधी असं सांगत होतो, आता असं सांगतो, कारण हे घडलं." पंधरा वर्षं एकच वाक्य बोलणारा माणूस पंधरा वर्षं शिकलेला नाही. गुंडाळीच्या यूव्हीबी बल्बचं उदाहरण घ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी काही बल्बांतून घातक, फार आखूड लांबीचे अतिनील किरण बाहेर पडत आणि प्राण्यांचे डोळे सुजत. ते बल्ब पुढे सुधारले गेले. तरी "हे बल्ब आंधळं करतात" हे वाक्य अजून फिरतंच आहे. आजचा खरा आक्षेप वेगळा आहे: त्याचा उजेड एका चिंचोळ्या जागेत पडतो, प्राणी थोडा सरकला की यूव्हीबी संपलं. लांब टी५ ट्यूबखाली (टी५ म्हणजे ट्यूबलाइटचा एक बारीक प्रकार) तो कुठेही बसला तरी अंगभर मिळतं. निष्कर्ष एकच आहे, पण चुकीच्या कारणाने तिथे पोचलेला माणूस पुढच्या वळणावर चुकणार.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चुकलं की बाकी सगळं वाया. यूव्हीबीमुळे कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय कॅल्शियम शरीरात शोषलंच जात नाही. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे "खिडकीत ठेवतो, ऊन मिळतं" हा सल्ला दिसला की पान बंद करा. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं तशीच उजळते, पण तिचं यूव्हीबी ओसरत जातं. चांगला सल्लागार नुसतं "चांगली ट्यूब लावा" म्हणत नाही. ट्यूब कुठली, मध्ये जाळी आहे का, आणि प्राण्याच्या पाठीपर्यंत अंतर किती, हे सांगतो. त्याहून चांगला यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, मोजून सांगतो. २०१० साली गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गातले सरडे आणि साप प्रत्यक्षात किती यूव्ही घेतात हे मोजून त्यांचे चार गट पाडले. व्हेल्ड आणि पँथरसाठी शेकण्याच्या फांदीवर साधारण ३ यूव्ही इंडेक्स, आणि खाली पानांत शून्यापर्यंत सावली, असं आज आम्ही ठेवतो. सहा टक्के यूव्हीबीची टी५ ट्यूब जाळीवर ठेवली तर हे साधारण २०-२२ सेंटिमीटर खाली मिळतं. मोजायचं यंत्र महाग आहे. तुमच्या भागातल्या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या मंडळात कुणाकडे तरी असतंच, एका दुपारपुरतं मागून आणा.

पावडरच्या भांडणाची उकल याच धाग्याने होते. पँथर शॅमेलिऑनवरचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. खाण्यातून डी३ कमी मिळालेले प्राणी आपणहून यूव्हीखाली जास्त वेळ बसले, जास्त मिळालेले कमी बसले. म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही दिलं तर तो आपला हिशेब बराचसा स्वतः जुळवतो. पावडरमधून पोटात गेलेल्या डी३चा हिशेब असा जुळवता येत नाही. ते चरबीत साठतं आणि जास्त झालं की मऊ अवयवांत कॅल्शियम साचायला लागतं. म्हणून "रोज डी३" सांगणारा बहुधा असा माणूस असतो ज्याचा दिवा कमकुवत होता आणि ज्याने ती उणीव पावडरने भरून काढली. चांगली ट्यूब असेल तर साधं, डी३ नसलेलं कॅल्शियम प्रत्येक खाण्यावर पिठीसाखर भुरभुरावी तितपतच, आणि डी३ व ए जीवनसत्त्व असलेलं मिश्रण पंधरा दिवसांतून एकदा. रातकिड्यांत मुळात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून ही पावडर. पण किडा स्वतः उपाशी असेल तर वरून भुरभुरून काय होणार? रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाज्या, संत्र्याची फोड खाऊ घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर व्हिडिओ कमी आहेत. कुठल्याही पावडरची जाहिरात "पी हळद आणि हो गोरी" थाटाची असेल, तर विकणारा आणि सांगणारा एकच आहे का ते तपासा. विकणारा खोटंच बोलेल असं नाही, माझे काही चांगले शिक्षक पैदासकार आहेत. पण दुकानातला तयार संच, त्यातला छोटा पिंजरा आणि तोच गुंडाळीचा बल्ब, हे दुकानाच्या फळीवर मावावं म्हणून तसं असतं.

मनी प्लांटचं लवकर सांगून टाकते. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे खरं. तो ज्या विषारी वनस्पतींच्या यादीत आहे ती बहुधा कुत्र्या-मांजरांसाठी केलेली असते. यादी खरी आहे, प्राणी वेगळा आहे. व्हेल्ड पानं चावतो, आणि कितीतरी पाळणारे वर्षानुवर्षं मनी प्लांट ठेवतात, माझ्याकडेही आहे. तरी तुमची धाकधूक असेल तर जास्वंद लावा. पानंही खातो, फुलंही खातो, आणि फूल खाताना बघून तुमची मुलगी खूश होईल.

आमच्या व्यवसायाबद्दलही हीच तपासणी लावा. पशुवैद्य आहे म्हणून शॅमेलिऑन कळतो असं नाही. आमच्या शिक्षणात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वाट्याला फार थोडे तास येतात. फोन करून सरळ विचारा, महिन्याला किती शॅमेलिऑन बघता? सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संस्था १९९१ पासून आहे, तिच्या यादीत तुमच्या जवळचं कुणी सापडेल. पहिल्या भेटीत ग्रॅममध्ये वजन, विष्ठेतली जंतांची तपासणी आणि दिव्यापासून अंतराची चौकशी हे तिन्ही झालं नाही, तर दुसरा डॉक्टर शोधा. प्राणी ठणठणीत असतानाच ही भेट घ्या. डोळे मिटून बसलेल्या शॅमेलिऑनसाठी रात्री अकरा वाजता डॉक्टर शोधत फिरणाऱ्या लोकांची तगमग मी फार पाहिली आहे.

हे उत्तर महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगते. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरात पाळणं गुन्हा आहे आणि वरचं काहीही त्याला पिंजऱ्यात ठेवायला वापरू नका. तो विषारीही नाही. गावात त्याला अजून दगडांनी मारतात, ते बघून जीव तुटतो. रस्ता ओलांडताना दिसला तर थांबा आणि जाऊ द्या, जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी जातींचीही आता कायद्याने नोंदणी करावी लागते. कागद नसलेला प्राणी "कुणी विचारत नाही हो" म्हणून विकणाऱ्याचा काळजीविषयीचा सल्लाही त्याच वहीतला समजा.

आता तुमच्याकडे वळते. इतक्या लांब पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: तो नर आहे की मादी. दुकानात सांगितलं नसेल, आणि एवढ्या व्हिडिओंत कुणी तुम्हाला विचारलंही नाही, याचंच मला जास्त वाटतं. उद्या सकाळी तो जाळीवर चढेल तेव्हा मागच्या पायांची टाच बघा. व्हेल्ड नराला अंड्यातून बाहेर पडल्यापासून तिथे एक बारीक मांसल उंचवटा असतो, छोट्या काट्यासारखा मागे आलेला. मादीला तो नसतो, टाच गुळगुळीत असते. दोन्ही टाचांचा स्पष्ट फोटो काढून मला पाठवा. उंचवटा नसेल तर शेकण्याची फांदी आजच २७ अंशांवर आणा. आणि निदान ३० सेंटिमीटर खोल डब्यात, बोगदा खणला तर ढासळणार नाही इतपत ओलसर वाळू भरून तो याच आठवड्यात पिंजऱ्यात ठेवा. व्हेल्ड मादी पाचव्या-सहाव्या महिन्यातही अंड्यांवर येऊ शकते, आणि खणायला जागा दिसली नाही तर ती अंडी पोटातच धरून बसते. वाळू कशी दाबायची, ती खणायला लागल्यावर पिंजऱ्यावर पडदा का टाकायचा, ते फोटो आल्यावर लिहिते.